रानकुत्र्यांसाठी शीळ

येलहंक्यात आमच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंना सगळे अक्काच म्हणतात. त्यांची लहानशी संस्था रानकुत्र्यांसाठी काम करते. परदेशातून येणारी मदत आटली, तेव्हापासून अक्का दर रविवारी सोसायट्यांमधून फिरतात. पदर खोचून कानडी वळणाने "स्वल्प ऐका हां" म्हणतात आणि समोरच्याने घड्याळ पाहिलं तरी बोलत राहतात.

परवा आमच्या सोसायटीच्या सभेत एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, पत्रकावर वाघाचा फोटो लावा. लोक लगेच देतील."

"पैसे वाघाला जाणार नाहीत ना. मग खोटं कशाला?"

"पण रानकुत्र्यांचं कौतुक कुणाला?"

अक्का पुढे सरकल्या. मग दोन्ही हात तोंडाशी नेऊन त्यांनी एक लांब, हळवी शीळ घातली. "जंगलात पांगली की अशी बोलावतात एकमेकांना."

त्याच गृहस्थांनी हळूच विचारलं, "आणि उत्तर नाही आलं तर?"

"पुन्हा बोलावतात."

गणपतीच्या रोषणाईची रक्कम आम्ही अक्कांना दिली. जंगलात पाळत ठेवणाऱ्या त्यांच्या माणसांचे पगार निदान पावसाळाभर निघतील. अक्का मात्र रेंगाळल्या नाहीत. त्यांना दुपारी मारतहळ्ळीच्या सोसायटीत जायचं होतं.