मापाऱ्याचा निबंध

निबंध वाचून संपायच्या आतच मला संशय आला होता, हे आधीच कबूल करते.

शहरातल्या सदर भागातल्या एका कॉलेजात मी एम.ए.ला तत्त्वज्ञान शिकवते. त्या वर्षी वर्गात अकरा जण होते. दहा बाविशी-तेविशीतले आणि एक पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ. ते कळमन्याच्या बाजारात मापारी होते. आलेला माल काट्यावर चढवायचा, वजन मोठ्यानं सांगायचं, चिठ्ठी फाडून द्यायची, हे त्यांचं काम. सकाळचं काम आटोपून दुपारी दीडच्या तासाला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून येत. तरुणपणी बी.ए. केलं होतं, पुढचं राहून गेलं. मुलाचं लग्न झाल्यावर त्यांनी प्रवेश घेतला. तत्त्वज्ञानच का घेतलं, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "हिस्ट्रीच्या सीटा भरल्या होत्या, मॅडम."

मी तेव्हा ग्रीकांची न्यायाची चर्चा शिकवत होते. न्याय एका माणसात शोधणं कठीण, म्हणून आधी एक अख्खं नगर मनात उभं करायचं आणि त्यात तो कुठं दिसतो ते पाहायचं, अशी ती रीत. त्या नगरात राज्य ज्ञानी माणसांनी करायचं, राखण सैनिकांनी, आणि शेती, कारागिरी, व्यापार बाकीच्यांनी. ज्यानं त्यानं आपलंच काम करावं, दुसऱ्याच्या कामात लुडबुड करू नये, हाच न्याय. लोकांनी हे मानावं म्हणून त्यांना एक गोष्ट सांगायची: देवानं तुम्हाला घडवताना कुणात सोनं मिसळलं, कुणात चांदी, कुणात लोखंड. गोष्ट खोटी आहे, पण नगराच्या भल्याची आहे.

त्या दिवशी मापाऱ्यांनी हात वर केला.

"मॅडम, कोणात सोनं हाय ते तपासते कोण?"

"राज्य करणारे ज्ञानी," मी म्हटलं.

"आन त्यायले कोण तपासते?"

वर्ग हसला. मी घाईनं सांगितलं की लोखंडाच्या पोटी सोनं जन्माला आलं तर त्या मुलाला वरच्या वर्गात न्यावं, असंही त्यात म्हटलंय.

"म्हटलं असन मॅडम. पन नेते कोण?"

पुढं येईल ते, असं म्हणून मी विषय पुढं ढकलला. पुढं काही ते आलं नाही.

महिन्याभरानं निबंध आले. विषय होता, आदर्श नगरातला न्याय. मापाऱ्यांचा निबंध टाईप केलेला, सहा पानांचा. भाषा अगदी प्रमाण, जागच्या जागी अर्धविराम, 'तथापि' आणि 'किंबहुना'. आणि चौथ्या पानावर एक परिच्छेद. राखणदारांची मुलं जन्मताच आईपासून वेगळी करायची, कोणतं मूल कुणाचं हे कुणालाच कळू द्यायचं नाही, म्हणजे माझं-तुझं उरणार नाही, अशी त्या नगरात योजना आहे. त्यावर लिहिलं होतं: दूध भरून आलेल्या बाईला मुलांच्या दालनात आणतील आणि समोर येईल ते मूल तिच्या पदराखाली देतील. तिनं त्या मुलाकडे कसं पाहायचं, हे कुणीच सांगितलेलं नाही. ज्या नगराला आईच्या नजरेची भीती वाटते, त्यानं न्यायाबद्दल बोलू नये.

बारा वर्षं मी हा भाग शिकवत होते. मला हे कधी सुचलं नव्हतं.

मी त्या ओळी इंटरनेटवर शोधल्या. नक्कल पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून निबंध काढला. काही सापडलं नाही, आणि सापडलं नाही म्हणून संशय वाढला. आजकाल यंत्राकडूनही लिहून घेतात. शेवटी विभागप्रमुखांना सांगितलं. ते चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, "मापारी असं लिहिणार? बोलावून घ्या." त्यांचा सूर मला खटकला. पण मी त्याहून वेगळं असं काय म्हटलं होतं? माझ्या लहानपणी घरात कुणी 'मले-तुले' बोललं की आई डोळे वटारायची. तसं बोलणारा माणूस असं लिहील, हे माझ्याच मनाला पटत नव्हतं.

ते आले, स्टाफरूममध्ये खुर्चीच्या कडेवर बसले.

"हा निबंध तुम्ही लिहिला?"

"विचार माझे. टाईप सुनेनं केला. मी सांगून राहिलो होतो, ती लिहून राहिली होती. भाषा तिनं सुधरवली."

"मग हा निबंध कुणाचा म्हणायचा?"

"तुमच्या त्या नगरात हेच न्यायाचं म्हनतात ना मॅडम? ज्याचं काम त्यानं करावं. मी विचार केला, तिनं लिहिलं."

मला हसू यायला हवं होतं. उलट वाटलं, हे उत्तर घरून ठरवून आणलंय. मी कोरे कागद पुढं सरकवले. "सोनं-चांदीच्या गोष्टीबद्दल तुम्हाला काय वाटतं ते इथंच लिहा. एक तास आहे. तुमच्या भाषेत लिहिलंत तरी चालेल."

त्यांनी शर्टाच्या खिशातलं पेन काढलं. मी समोर बसून दुसरे पेपर तपासायचं नाटक करत होते. तासाभरात सव्वा पान झालं. अक्षर मोठं, ओळी उताराला लागलेल्या.

'माह्या आज्यानं छपन साली धर्म बदलला. त्याले बी त्याच्या आधी हेच सांगून ठेवलं होतं का तुह्यात लोखंड हाय. तो लिहाले वाचाले शिकला नव्हता पन त्याले हे समजलं का गोष्ट सांगनारा दरवेळी सोन्याचाच असते. लोखंडवाल्यानं सांगतलेली अशी गोष्ट म्या अजून आयकली नाही.'

मी ते दोनदा वाचलं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. म्हटलं, "माझं चुकलं. मी तुमच्यावर उगाच संशय घेतला."

"काट्यावर रोजच घेतात मॅडम. दोनदा-दोनदा वजन करायले लावतात. त्याचं काही नाही." ते उठले. दारापाशी वळून म्हणाले, "एक विचारतो. बाकीच्या दहा जनायले बी असा कागद दिला का?"

दिला नव्हता. मी काही बोलायच्या आत ते गेले.

मी निबंधाला वर्गात सगळ्यांत जास्त गुण दिले आणि प्रकरण मिटल्याचं विभागप्रमुखांना कळवलं. त्यानंतर वर्गात ते हात वर करेनासे झाले. पुढच्या बाकावर बसत, वहीत लिहून घेत, तास संपला की निघून जात.

दोनेक आठवड्यांनी, दुपारी स्टाफरूममध्ये मी एकटीच असताना, पंचविशीची एक बाई दारात उभी राहिली. कडेवर वर्षाचं मूल. मापाऱ्यांची सून आहे म्हणाली. बस म्हटलं तरी बसेना.

"मॅडम, मामाजीच्या निबंधात तुमाले कोणता भाग आवडला?"

मी चौथ्या पानावरचा भाग सांगितला. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला, लगेच पडलाही.

"तो त्यायचा नाही. माझा हाय."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"टाईप करता करता त्यायचं पुस्तक मी वाचून राहिली होती. तिथं ते लेकरं नेण्याचं आलं. हा झाला तेव्हा अकरा दिवस काचेच्या पेटीत होता. अशा सात-आठ पेट्या एका ओळीत. नर्स म्हने, सगळी बरी हायेत, घाबरू नका. पन मी काचेतून पाहून राहिली होती, माझं कोणतं. मग मी तेवढं घालून देल्लं."

"मामाजींनी वाचलं नाही?"

"प्रिंट काढून आनला, तसाच जमा केला. वाचला का नाही, मले नाही माहीत. तुमी त्यायले सांगू नका. इज्जत जाईन त्यायची."

"नाही सांगणार," मी शब्द दिला.

म्हणजे माझा संशय खरा होता, आणि तो खोटा ठरवून मी माफीही मागून बसले होते. मग लक्षात आलं, स्टाफरूममध्ये मी त्यांना आईच्या परिच्छेदाबद्दल काही विचारलंच नव्हतं. त्यांना येत असणार असं वाटलं तेच विचारलं. ते 'विचार माझे' म्हणाले, ते ठाऊक असून की नसून? वाचला असेल तर ते खोटं बोलले. वाचला नसेल तर स्वतःच्या नावाखाली काय गेलंय हेच त्यांना माहीत नाही. दोन्हींपैकी कोणतं बरं, ते मला ठरवता येईना.

नियमानं मी विभागप्रमुखांना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. सांगितलं असतं तर 'मी म्हटलं नव्हतं?' असा त्यांचा चेहरा मला पाहावा लागला असता. गुण होते तसेच राहू दिले.

सुनेला विचारलं, "तुझं शिक्षण?"

"बी.ए. सेकंड इयर. मग लगन झालं."

ऑफिसातून मी प्रवेशाचा फॉर्म आणून तिला दिला. राहिलेलं वर्ष पूर्ण कर, पुढं माझ्याकडे ये, म्हटलं. तिनं फॉर्मची चार घड्यांची घडी घातली आणि पिशवीत ठेवला. "पायते," म्हणाली.

मापारी पहिलं वर्ष चांगल्या गुणांनी पास झाले. नवीन वर्ष सुरू झालं. प्रवेशाची मुदत एकदा वाढली, पुन्हा वाढली. मी ऑफिसात जाऊन बी.ए.ची यादी तीनदा पाहिली. सुनेचं नाव नाही.

आता मापारी समोर बसले की माझं मन शिकवण्यात लागत नाही. फॉर्म यांच्या हाती लागला का? हेच नको म्हणाले का? सोनं तपासणाऱ्यांना कोण तपासतं, असं विचारणारा माणूस घरात काय करतो? की मूल लहान आहे आणि तिलाच जमत नाही? की मी पुन्हा त्यांच्यावरच घसरतेय, कागद पुन्हा एकट्यालाच देतेय? सरळ विचारावं तर ती माझ्याकडे आली होती हे उघड होतं, आणि मी शब्द दिलाय.

परवा तास सुरू व्हायच्या आधी मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "घरी सगळे बरे?"

"बरे हायेत, मॅडम."

"सूनबाई?"

त्यांनी वहीतून मान वर केली. माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं, असं मला वाटलं.

"तिले कामं लई हायेत," ते म्हणाले.

मागच्या बाकांवरची पोरं येऊन बसली. मी हजेरी घ्यायला लागले.