पितांबरचा दुसरा सदरा

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी रावेरजवळच्या रतिलालभाऊंच्या बागेत पितांबरने अकरावा घड उतरवला. दांड्यातला चीक सदऱ्यावर गळत होता. केळीचा चीक वाळला की तांबूस-काळा डाग पडतो, तो धुऊन जात नाही.

बाकीचे कापणीवाले त्याच सदऱ्यात, कमरेला कोयता खोचून घरी जातात. पितांबर जात नाही. तो पारधी आहे. सहा वर्षांपूर्वी नाक्यावरच्या नव्या शिपायाला ते डाग रक्ताचे वाटले होते. दोन दिवस चौकीत गेले. तेव्हापासून त्याचा कोयता मुकादम अन्वरच्या कुलपात राहतो आणि पिशवीत बायकोने, भिकुबाईने, धुतलेला पांढरा सदरा असतो. आज तो लागणारच होता. अकराला मुलीच्या शाळेत पालकसभा होती. मागच्या सभेला मयुरीजवळची जागा रिकामी राहिली होती. त्या दिवशीही पितांबर चौकीतच होता.

साडेआठला जीप आली. शेजारच्या मळ्यातली पाण्याची मोटार रात्री चोरीला गेली होती.

"यातला पारधी कोणता?" जमादाराने विचारलं. इतर कुणाला त्याने काही विचारलं नाही. पितांबरची पिशवी झटकली. पांढरा सदरा फण्या धुण्याच्या टाकीत पडला.

"रात्रभर याचा कोयता माझ्या कुलपात होता, साहेब," अन्वर म्हणाला.

"आणि माणूस?"

"माणसं कुलपात ठेवायचं खातं तुमचं."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. रतिलालभाऊ पुढे झाले. "केळीची गाडी उभी आहे. याला नेलं तर घड कोण कापेल?"

जमादाराने गाडीकडे पाहिलं. "उद्या दहाला चौकीत ये," तो पितांबरला म्हणाला.

जीप गेल्यावर अन्वरने अंगातला चौकड्यांचा शर्ट काढून पुढे केला. "घाल. खिशातली तंबाखू तेवढी काढ, बाई रागावतील."

"तू चल ना सोबत."

"मी शेजारी बसलो तर तुझं वजन वाढेल का माझं कमी होईल, सांगता येत नाही भो. जा तू."

शाळेत मयुरीने शेजारच्या जागेवर दप्तर ठेवून ती अडवली होती. बाप दारात दिसला तसं तिने दप्तर मांडीवर ओढलं. तो बसल्यावर तिने बाहीला नाक लावलं.

"अन्वरचाचांचा आहे."

"हो."

"मोठा होतोय तुम्हाला," ती म्हणाली आणि त्याची बाही नीट दुमडू लागली.

उद्या पावणेसहाला अन्वर कुलूप उघडेल. पितांबर नऊपर्यंत घड कापेल, कोयता परत देईल आणि पांढरा सदरा घालून दहाला चौकीत हजर होईल.