वटवाघळाचे पंख

तळेघरच्या बाजूला एका वाडीवरच्या शाळेत मी सात वर्षं शिकवत होते. तिथली मुलं अळंबीला कुत्र्याची छत्री म्हणायची. त्यावरून मी गॅदरिंगसाठी एक छोटं नाटक लिहिलं. पाऊस आलाय आणि जनावरं छत्र्या शोधताहेत. कुत्र्याची जमिनीतूनच उगवून आलेली, वटवाघळाला स्वतःचे पंख पुरेसे.

वटवाघूळ व्हायला तिसरीतली एक मुलगी तयार झाली. आईबाप मजुरीला लांब गेलेले, ती आजोबांजवळ राहायची. पंखांसाठी घरातली जुनी छत्री आण, असं मी तिला सांगितलं. तिने आणलेली छत्री काळी, लाकडी दांड्याची होती. एका काडीपाशी कापड फाटलं होतं आणि तिथे नव्या दोऱ्याने बारीक टाके घातले होते. टाकाऊ छत्रीला कुणी टाके घालत नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी कात्री घेतली तशी ती हळूच म्हणाली, "बाई, कापायचीच का?"

"मग पंख कसे होणार?" मी म्हटलं. गॅदरिंग चार दिवसांवर आलं होतं. मी कापली.

नाटक छान झालं. तिने पंख पसरले तेव्हा सगळी वाडी हसली. आजोबा पुढेच बसले होते, तेही टाळ्या वाजवत होते.

भातलावणीच्या दिवसांत आजोबा मला माळावर शेळ्यांमागे दिसले. डोक्यावर खताच्या गोणीची खोळ, खांदे भिजून काळे पडलेले. मी वर्गात मुलीला विचारलं. घरात छत्री एकच होती, असं तिने मान खाली घालून सांगितलं.

रविवारी मी घोडेगावहून नवी छत्री आणली. काळी मिळाली नाही, म्हणून पिवळी, बटणाची. माळावर जाऊन त्यांच्या हातात दिली आणि शाळेकडून भेट आहे, असं खोटं बोलले. माझा मान राखायला त्यांनी तिथल्या तिथे बटण दाबलं. छत्री फाडकन उघडली. शेळ्या उधळल्या. एक गाभण शेळी बांधावरून खाली कोसळली आणि तिचा पुढचा पाय मोडला.

आजोबा बांधाखाली उतरले. बांबूच्या कांब्या काढून त्यांनी धोतराच्या चिंधीने पाय बांधला. मी शेळीचं डोकं मांडीवर धरून बसले होते. ती थरथरत होती. तेव्हा मला राहवलं नाही. ती काळी छत्री वापरातली आहे हे मला कापतानाच समजलं होतं, असं मी सांगून टाकलं.

गाठ मारता मारता ते म्हणाले, "पोर घरी येऊन लई रडली व्हती. मीच म्हनलं, बाईंना सांगू नको. त्यांना वाईट वाटंल."

शेळी वाचली, पण पोटातलं करडू गेलं. पुढे माझी बदली ओतूरकडे झाली. निघण्याआधी मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी कोरा चहा दिला, पुढच्या शाळेसाठी बाहेर गेलेल्या मुलीची खुशाली सांगितली आणि रस्त्यापर्यंत पोहोचवायला आले. दारात ती शेळी लंगडत चरत होती. तिच्याकडे बघायचं मी टाळलं, हे त्यांच्या लक्षात आलं असणार.