मोठं पाणी

अराल्स्कच्या स्टेशनवर उतरून कुणालाही विचारा, "गाव दाखवणाऱ्या बाई कुठे राहतात?" लोक आधी हसतील आणि मग कलामकासचं घर दाखवतील. हसण्याचं कारण असं, की आमचं गाव मूळचं बंदर, ते पायी हिंडवून दाखवायचा हिचा धंदा, आणि ही बाई गेली सव्वीस वर्षं समुद्राला समुद्र म्हणत नाही. 'मोठं पाणी' म्हणते.

यात तिचा काय दोष? आमच्या कझाख भाषेत समुद्राला तेंगिझ म्हणतात आणि तिच्या सासऱ्याचं नाव पडलं तेंगिझबाय. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, नावातला शब्दसुद्धा तोंडातून काढायचा नाही, ही आमची जुनी रीत. हल्लीच्या पोरी सासऱ्याला फोनमध्ये नावानिशी साठवून ठेवतात, त्यांचं सोडा. कलामकास चांगली इतिहास घेऊन शिकलेली. पण लग्नानंतर चौथ्या दिवशी चहा ओतता ओतता सहज बोलून गेली, "आज तेंगिझकडून गार वारा येतोय." सासूनं हातातला वाडगा खाली ठेवला आणि म्हणाली, "पोरी, वाऱ्याला यायला दुसरी वाट नव्हती का?" एवढंच. आवाज चढवला नाही, काही नाही. पण तो शब्द जो जिभेवरून उतरला तो उतरलाच.

पुढे नवऱ्याला पश्चिमेकडे तेलाच्या विहिरींवर काम लागलं. त्या जागेचं नावही नेमकं तेंगिझ. मग काय, नवरा कुठे असतो विचारलं की ही सांगणार, "तिकडे, पश्चिमेला." शेजारणी टोमणे मारायच्या, "बाई गं, नवऱ्याचा पत्ता तरी ठाऊक आहे ना तुला?" पाहुण्यांचं मात्र वेगळंच. त्यांना वाटायचं, पाणी आटत आटत गाव सोडून गेलं त्या दुःखानं ही नाव घेत नाही. राजधानीहून आलेल्या एका पत्रकारानं तसं छापूनही टाकलं. कलामकासनं ते कात्रण घडी करून कपाटात ठेवलं आणि खरं कारण कुणाला सांगितलं नाही.

यंदा मात्र घोडं अडलं. गाव दाखवायचं तर परीक्षा देऊन पर्यटन समितीचा परवाना हवा, असा नियम निघाला. समितीचे ओराझअली साहेब आले, सडपातळ, सभ्य, हातात फळीला लावलेला कागद. परीक्षेच्या आदल्या दिवशी तालीम बघून ते म्हणाले, "बाई, तुमचं सगळं पाठ आहे. घरं, खिडक्या, साल, कोणी बांधलं, कोणी मोडलं. पण तुम्ही अकरा वेळा 'मोठं पाणी' म्हणालात. मी मोजलं."

"तसं म्हणायची सवय आहे, साहेब."

"सवय असू दे. माझ्या कागदावर तेरावं कलम आहे. समुद्राचा उल्लेख, नावानं, स्पष्ट उच्चारात. तो रकाना कोरा राहिला तर शिक्का बसत नाही."

"रशियनमधून म्हटलं तर?"

"परीक्षा कझाखची आहे, बाई."

कलामकासनं मान खाली घातली. सासऱ्याच्या नावात तो शब्द येतो म्हणून सांगायचं, तर ते लगेच विचारणार, काय नाव? ते तरी कसं सांगणार? शिकलेल्या बाईला हे कारण सांगायची लाजही वाटली. परवाना गेला असता तर हे काम प्रांताच्या गावातल्या कुणा छातीला भोंगा बांधलेल्या पोराकडे गेलं असतं, आणि तिला शाळेत नोकरी शोधायला परगावी जावं लागलं असतं. मग म्हाताऱ्याकडे कोणी बघायचं? खरी धाकधूक ती होती.

कारण अताय आता पहिल्यासारखे राहिले नव्हते. सासऱ्यांना ती अताय म्हणायची. वय चौऱ्याऐंशी. तरुणपणी मासेमारीच्या बोटीवर तांडेल होते. पाणी बंदर सोडून गेलं तेव्हा चाळिशीत असतील. सासू तीन वर्षांपूर्वी गेली आणि त्यांच्या डोक्यातले दिवस एकमेकांत मिसळायला लागले. चांगल्या दिवशी चहात साखर कमी आहे म्हणून तक्रार करायचे. वाईट दिवशी रबरी बूट चढवून बोटीवर निघायचे. अशा वेळी 'अताय' म्हणून हाक मारली तर वळायचेसुद्धा नाहीत. "कोण अताय? माझं अजून लग्न व्हायचंय." मागच्या पानगळीत असेच निघाले ते समुद्राच्या सुकलेल्या तळावरून बारा किलोमीटर चालत गेले. एका उंटवाल्यानं उचलून आणलं तेव्हा ओठांवर मीठ साचलेलं होतं.

परीक्षेच्या सकाळी कलामकासनं शेजारच्या कुल्याशला बोलावलं. कुल्याश विधवा, साठीची, गल्लीतली सगळ्यात खमकी बाई.

"दार लावून ठेव. दुपारी बारापर्यंतचा प्रश्न आहे," कलामकास म्हणाली.

"अगं, मी तीन पोरं आणि एक दारुडा नवरा सांभाळला. एक म्हातारा होणार नाही का माझ्याच्यानं? जा तू, आणि तो काय शब्द म्हणायचाय तो म्हणून टाक एकदाचा."

"तू म्हणशील?"

कुल्याश दाराची कडी तपासायला उठली. ती याच गल्लीत सून होऊन आलेली. गल्लीतले थोरले पुरुष सगळे सासऱ्याच्याच ठिकाणी, म्हणून तिलाही तेच नाव वर्ज्य.

स्टेशनवर आठ जण जमले होते, सगळे कुठल्या तरी शाळेचे मास्तर. परीक्षेसाठी त्यांना पाहुणे म्हणून उभं केलं होतं. कलामकासनं भिंतीवरचं जाळी ओढणाऱ्या कोळ्यांचं चित्र दाखवायला हात वर केला, आणि खिशातला फोन थरथरला.

"कलामकास, तुझे सासरे तुझ्याकडे आलेत का?" कुल्याशचा आवाज बारीक झाला होता.

"ते तुझ्याकडे आहेत, कुल्याश."

"होते गं. दूध उतू जात होतं म्हणून मी आत वळले. एवढ्यात दार उघडं."

"बूट?"

"बूट नाहीत दारात."

कुल्याश म्हणाली, मी गल्ल्या बघते, तू परीक्षा दे, तू येऊन तरी काय करणार. खरं होतं, आणि खरं असून काही उपयोगाचं नव्हतं. ओराझअलींनी घड्याळाकडे पाहिलं. कलामकास वळली आणि बोलायला लागली. आपण काय बोलतोय हे तिचं तिलाच ऐकू येत नव्हतं, पण वीस वर्षं पाठ असलेलं तोंड आपलं आपण चाललं होतं. डोळे फलाटावर करडी टोपी शोधत होते.

स्टेशनवरून रस्ता जुन्या व्यापाऱ्यांच्या लाकडी घरांकडे जातो. खिडक्यांच्या चौकटींवर नक्षी, नक्षीत मासे. एरवी इथे ती पाव तास थांबते, कारण एका सुतारानं मुद्दाम एक मासा उलटा कोरलाय आणि तो शोधायला लावला की पाहुण्यांना गंमत वाटते. आज कोणी मासा शोधला नाही. तिनं गल्लीच्या टोकाकडे नजर लावून सांगितलं, "हे घर एकोणीसशे पाच सालचं. उंच, किंचित वाकलेलं, करडी टोपी घातलेलं."

मास्तर एकमेकांकडे बघायला लागले.

"टोपी?" ओराझअलींनी विचारलं.

"छप्पर. करड्या रंगाचं छप्पर."

मासळीच्या कारखान्यापाशी तिनं बर्फघराच्या भिंतींची जाडी सांगितली आणि रखवालदाराला हळूच विचारलं. त्यानं मान हलवली. पुन्हा फोन. कुल्याश रडत होती. शाळेमागे नाहीत, दफनभूमीत सासूच्या कबरीपाशी नाहीत, बाजारात नाहीत. "आणि कलामकास, वारा बघ." कलामकासनं बघितला. नैऋत्येला आभाळाची कड पांढुरकी झाली होती. आमच्याकडे त्या पांढऱ्या कडेचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. तळावरचं मीठ उठलं की समोर धरलेला हात दिसत नाही, आणि उघड्यावर सापडलेला म्हातारा माणूस तर संपलाच.

पुढचा थांबा संग्रहालय होतं. "संग्रहालय नंतर," ती म्हणाली, "आधी बंदर."

"क्रम कागदावर आहे, बाई," ओराझअली म्हणाले.

"मग खोडा तो." आयुष्यात ती कुठल्या साहेबाशी असं बोलली नव्हती. ती चालायला लागली, आणि काय करणार, आठ मास्तर आणि एक साहेब तिच्यामागे जवळजवळ पळत निघाले. तिच्या मनात आलं, सासूनं जाताना हात धरून म्हटलं होतं, ह्यांना सांभाळ. नाव घेऊ नको म्हणणारी तीच आणि सांभाळ म्हणणारीही तीच.

बंदराच्या तोंडाशी एक बाई धुरावलेले मासे विकत बसते. तिनं कलामकासला बघताच हात केला. "तुझे सासरे खाली खड्ड्यात उतरले गं. अर्धा तास झाला असेल. अक्साकाल, अक्साकाल म्हणून किती ओरडले मी. मागे वळून बघतील तर शपथ." अक्साकाल म्हणजे पांढरी दाढीवाले; आमच्याकडे म्हाताऱ्यांना मानानं अशीच हाक मारतात.

खड्डा म्हणजे आमचं बंदरच. कधीकाळी तिथे बोटींची दाटी असायची. आता दोन गंजक्या क्रेन, तळाला झुडपं, लांब टोकाला तीन रिकाम्या बोटी वाळूत कलंडलेल्या. त्यांच्यापलीकडे काही नाही, नुसता पांढरा तळ क्षितिजापर्यंत, आणि त्या क्षितिजावरून ती धूळ येत होती. कलामकास धक्क्याच्या कडेला गेली आणि ओरडली, "अताय!" वारा उलटा होता. पुन्हा हाक मारली, "अताय, घरी चला!" झुडपं हलली, दुसरं काही हललं नाही.

ओराझअली धापा टाकत शेजारी येऊन उभे राहिले. त्यांना आता कळलं होतं. फळी काखेत मारून ते म्हणाले, "बाई, आधी नाही का सांगायचं? नाव काय त्यांचं? माझा आवाज मोठा आहे, मी हाक मारतो."

तिनं तोंड उघडलं. मग त्यांच्या काखेतल्या फळीकडे बोट केलं. "तुमच्या कागदावर आहे," ती म्हणाली.

"माझ्या कागदावर?"

"तेरावं कलम."

त्यांनी गोंधळून फळी काढली, बोट फिरवलं, वाचलं, तिच्याकडे बघितलं, पुन्हा वाचलं. "इथे तर नुसतं समुद्राचं..." आणि बोलता बोलता थांबले.

कलामकासनं त्यांची वाट बघितली नाही. बोटींचं टोक धुळीत पुसट व्हायला लागलं होतं. तिनं डोक्याचा रुमाल दोन्ही हातांनी घट्ट धरला, मनात सासूला म्हणाली, आई, आज माफ करा, आणि सव्वीस वर्षं दाताखाली धरलेलं नाव सगळ्या अंगातून बाहेर सोडलं. "तेंगिझ! तेंगिझबाय! तेंगिझ!"

कोरड्या बंदराच्या काठावर एक बाई समुद्राला नावानं हाका मारतेय आणि समोर पाण्याचा थेंब नाही. एका मास्तरीणबाईंनी डोळ्यांना पदर लावावा तसा रुमाल लावला. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

आणि मधल्या बोटीतून आवाज आला. "ओ."

म्हातारा बोटीच्या कडेवरून डोकं वर काढून बघत होता. वारा लागू नये म्हणून आत बसला असावा. कलामकास उतारावरून घसरत, गुडघा खरचटून घेत खाली धावली. मागून ओराझअली आले, दोन मास्तर आले. धूळ पोहोचायच्या आत ती बोटीपाशी पोहोचली आणि तिनं त्यांचा हात असा धरला की सोडवायला दोघे लागले असते.

"कोणी हाक मारली?" अताय इकडेतिकडे बघत होते. "माझी आई आली होती का?"

"मी मारली, अताय."

त्यांनी तिला नीट न्याहाळलं. डोळ्यांत कुठून तरी लांबून माणूस परत यावा तसा दिवस परत आला. "सूनबाई? तू माझं नाव घेतलंस?"

"घेतलं. चुकलं माझं."

"सगळ्या गावासमोर?"

"हो." ती आता रडत होती आणि लपवतही नव्हती. "तुम्ही दुसऱ्या कशालाच ओ देत नव्हता. मी काय करू?"

ओराझअली टोपी काढून बाजूला उभे होते. काखेतली फळी कुठे तरी उतारावर पडली होती. धुळीचे पहिले कण बोटीच्या पत्र्यावर वाजायला लागले.

"तिनं कधी घेतलं नाही," म्हातारा म्हणाला. तिनं म्हणजे बायकोनं. "आई गेली, भाऊ गेले, बोटीवरची माणसं गेली. मग सगळे नुसते अताय आणि अक्साकाल. अताय काय, गल्लीगल्लीत पडलेत." त्यानं एक पाय बोटीच्या कडेवरून बाहेर टाकला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. "परत घे बघू."

कलामकासनं आजूबाजूला पाहिलं. मग त्यांच्या कानाशी जाऊन हळूच नाव घेतलं.

"ओ," अताय म्हणाले, आणि खाली उतरले.