तिघांचा फोटो

मी फिनलंडला निघाले त्या सकाळी जळकोटच्या बसस्टँडवर सगळ्यात मोठी धावपळ झाली ती चौथा माणूस शोधायची. बॅगा डिक्कीत गेल्या होत्या. उदगीरची गाडी सुरू होऊन घरघरत होती. उदगीरहून हैदराबाद आणि तिथून विमान. मी मोबाइल पानटपरीवाल्याच्या हातात दिला, बाबा छाती काढून उभे राहिले, मी त्यांच्या शेजारी. माय मात्र जागची हलेना. इकडं बघ, तिकडं बघ. शेवटी तिनं चक्क कंडक्टरला हाक मारली, लेकरू परदेशाला चाललंय, जरा फोटोत उभं ऱ्हावा म्हणली. तो बिचारा गळ्यात तिकिटाचं मशीन तसंच ठेवून आला आणि असा हसला, की आमच्या तिघांपेक्षा त्याचाच फोटो चांगला आला. आम्ही तिघं रडवेले, तो एकटा खूश.

आता तुम्ही म्हणाल, हे काय नाटक? तर गावाकडच्यांना सांगायची गरज नाही, पण माझ्यासारखे बाहेर पडून विसरले असतील त्यांच्यासाठी सांगते. तिघांनी मिळून फोटो काढायचा नसतो. काढला तर मधला जिवानिशी जातो. तीन तिगाडा, काम बिगाडा. बहुतेक घरांना याचा काही त्रास नाही, कारण तिथं माणसं भरपूर. आमच्या घरात माणसं किती? तीन. बाबा, माय आणि मी एकुलती एक.

त्यामुळं आमच्या घरच्या प्रत्येक फोटोत एक उपरा आहे. मी दहावी पास झाले त्या फोटोत कूलर दुरुस्त करायला आलेला माणूस आहे, हातात पाना. नवीन घराच्या फोटोत समोरच्या मुमताज खाला, त्यांना तर मायनं भाकरी थापताना ओढून आणलं होतं, हाताला पीठ दिसतंय. मला लातूरला क्लासेससाठी पोचवायला आले तेव्हा चौथा कुणी मिळेना, म्हणून माझ्या खोलीच्या मालकिणीची शेळी उभी केली. शेळी चालते का, असं बाबांनी विचारलं. माय म्हणाली, जीव हाय ना तिच्यात, मग झालं.

बाबांना याचा लई राग यायचा. ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. इंजिन आवाज करतंय तर त्याला कारण असतं, असं मानणारा माणूस. आमच्या घरात देव्हारा नाही, बुद्धाची एक मूर्ती आणि सकाळची वंदना. बाबांनी मुहूर्त, उपास, लिंबू-मिरची सगळं हद्दपार केलेलं. मायनंही ते मनापासून मानलं. माहेराहून आलेला अंगारा ती सरळ चुलीत टाकायची. पण फोटोची गोष्ट निघाली की अडून बसायची. बाबा तासभर समजावून सांगत, जपानात तिघांचे फोटो काढत नाहीत का, अमेरिकेत काढत नाहीत का. ती सगळं ऐकून घ्यायची आणि एकच बोलायची, "तुमच्या शब्दावर सगळं सोडलं. ह्ये एक ऱ्हाऊ द्या."

मी बाबांच्या बाजूची. अर्थातच. इंजिनिअरिंग नांदेडला केलं, तिथं एका मैत्रिणीचा कॅमेरा मागून आणून गोदावरीच्या घाटावर पहाटेचे फोटो काढायला लागले आणि तो नाद लागला तो लागलाच. आता औलूमध्ये दवाखान्यातल्या मशीनचं सॉफ्टवेअर तपासायची नोकरी करते, आणि पगार होतो तो लेन्समध्ये जातो. औलू हे फिनलंडच्या उत्तरेला, समुद्राकाठी. हिवाळ्यात तो समुद्र गोठतो आणि लोक त्याच्यावरून फिरायला जातात. पहिल्या वर्षी मी काठावरच उभी राहायचे. आता ट्रायपॉड खांद्यावर टाकून सरळ आत चालत जाते, बॅटऱ्या गार पडू नयेत म्हणून कोटाच्या आतल्या खिशात, पोटाशी धरून.

इथं आकाशात हिरवा उजेड नाचतो त्याला फिनिशमध्ये रेव्होनतुलेत म्हणतात, म्हणजे कोल्ह्याची आग. कोल्हा शेपटीनं बर्फ उडवतो आणि त्याच्या ठिणग्या आकाशात जातात, अशी त्यांच्याकडची जुनी गोष्ट. हा फोटो माझं कित्येक वर्षांचं स्वप्न होतं. दोन हिवाळे नुसते ढग बघण्यात गेले. तिसऱ्या हिवाळ्यात मिळाला, आणि खोटं कशाला बोलू, असला मिळाला की इथल्या वाचनालयाच्या प्रदर्शनात लागला. मायला पाठवला तर तिनं विचारलं, एवढ्या थंडीत कानाला बांधलं होतंस का.

स्वप्नं अजून लई आहेत. बोलिव्हियाचं मिठाचं मैदान, पाऊस झाल्यावर आरसा होतं ते. आइसलँडच्या कड्यावरचा पफिन, चोचीत मासे धरलेला. स्पितीतला बर्फातला बिबट्या, त्यासाठी महिनाभर एका दगडामागं बसायची माझी तयारी आहे. आणि आपल्याकडचीही आहेत, बरं का. लातूरच्या दालमिलमध्ये दुपारी पत्र्याच्या भोकांतून ऊन आत येतं आणि तुरीच्या भुशात त्याचे खांब उभे राहतात. ते मी क्लासला असताना रोज बघितलं आणि हातात कॅमेरा नव्हता. देवणीचा पांढरा वळू, काळ्या तोंडाचा, सकाळच्या उन्हात वशिंड चमकत असलेला. असा विषय मिळायला परदेशातले फोटोग्राफर जीव टाकतील. एक दिवस तोही काढणार आहे, वळूनं मान्यता दिली तर.

पण सगळ्यांत वर जे होतं ते कुणाला सांगायचीही लाज वाटायची. मला तिघांचा फोटो पाहिजे होता. बाबा, माय, मी. बस्स. मागं साधी भिंत असली तरी चालेल.

कारण सांगते. बसस्टँडवरचा तो फोटो माझ्या हॉलमध्ये लावलाय. माझ्यासोबत काम करणारी आइनो पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिनं विचारलं, हा तुझा भाऊ का? मी म्हणलं, नाही, तो कंडक्टर. तिला वाटलं वाद्यवृंदाचा. एवढा मोठा कलाकार हिला निरोप द्यायला आला म्हणून ती माझ्याकडं आदरानं बघायला लागली, आणि मला तिला एसटी समजावून सांगायला अख्खी कॉफी लागली. हसलो आम्ही. ती गेल्यावर मात्र मी त्या फोटोसमोर उभी राहिले आणि मला रडू आलं. इथं मी एकटी राहते. लग्न केलं नाही, करायचं असंही काही मनात नाही. माझं म्हणून जगात जे आहे ते दोन माणसं आहेत, आणि त्या दोघांसोबतचा, फक्त त्या दोघांसोबतचा एक फोटो माझ्याकडं नाही.

इथल्या लोकांचं तर उलट. तुम्ही कॅमेरा उचलला की रस्त्यावरची माणसं थांबतात. तुमच्या फ्रेममध्ये कुणी पाऊल टाकत नाही. एक म्हातारे गृहस्थ एकदा बर्फात किती वेळ थांबले होते, मला फोटो काढायचाच नव्हता, मी नुसती लेन्स पुसत होते. आमच्या जळकोटला कॅमेरा दिसला की अर्धी गल्ली केस विंचरून हजर. इथं मला बर्फ, झाडं, समुद्र सगळं रिकामं मिळतं, पाहिजे तेवढं. आणि घरच्या फोटोतून एक माणूस मला कमी करता येत नव्हता.

यंदा जानेवारीत बाबांचा फोन आला, की मायच्या हृदयाची झडप खराब झालीय, लातूरला ऑपरेशन ठरलंय. माय आता ठणठणीत आहे, हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर तुम्ही शेवटपर्यंत जीव मुठीत धरून वाचाल. पण तेव्हा मला हे कुठं माहीत होतं? मिळेल त्या विमानानं निघाले. उणे वीसमधून निघून जळकोटला उतरले तर शेतात करडई फुललेली, आणि माय अंगणात बसून तूर पाखडत होती. दोन पावलं चालली की धाप लागायची, तरी मला बघून म्हणाली, "वाळलीस गं उजे."

लातूरला न्यायच्या आदल्या दिवशी सकाळी मी विषय काढला. मनात सगळी तयारी करून ठेवली होती. बाबांचे जपान-अमेरिका, माझी आकडेमोड, आइनोच्या घरातला तिघांचा फोटो, ज्यातले तिघंही धडधाकट आहेत. मायनं मला पहिलं वाक्यसुद्धा पुरं करू दिलं नाही.

"काढ," म्हणाली.

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. इतकी वर्षं वाद घातलेला माणूस एका शब्दात जिंकला होता. ते उठून पांढरा शर्ट घालायला गेले. मायनं ठेवणीतली साडी नेसली. मी तर हवेतच. अंगणात ट्रायपॉड लावला, भिंतीवर कोवळं ऊन होतं, असलं ऊन औलूमध्ये जानेवारीत स्वप्नातसुद्धा पडत नाही. दोघांना दोन बाजूंना उभं केलं, मधे माझ्यासाठी जागा सोडली. माय सरकून मधे आली. मी म्हणलं, माय, तू बुटकी आहेस, मी मधे पाहिजे, फ्रेम चांगली दिसते. ती ऐकेना. फोटो तुझा, जागा माझी, म्हणाली. म्हणलं जाऊ दे, एवढं कबूल केलंय तर मधे तर मधे. टायमर लावला, बटण दाबलं आणि पळत जाऊन तिच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिले. कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकायला लागला.

मायनं एक हात बाबांच्या दंडाला घातला, एक माझ्या. समोर कॅमेऱ्याकडं बघत, ओठ फार न हलवता, ती म्हणाली,

"तिघांत लेकरूच येतंय मधी. म्हणून न्हाई म्हणत होते. आता मी हाय मधी."

तिच्या बोलण्यात काही भीती नव्हती. बाजार करून आल्यावर काय काय आणलं ते सांगावं, तसं ती बोलली. उद्या दवाखान्यात जायचंच आहे, तर जाता जाता लेकीचा फोटो होऊन जाऊ दे, एवढा साधा विचार केला होता तिनं. आणि मी फ्रेम बघत बसले होते.

त्यानंतर मी काय केलं ते मला नीट आठवत नाही. एवढं आठवतंय की मी पळत होते, आणि लाल दिवा फार जोरात लुकलुकत होता, आणि मी लेन्सवर हात ठेवला. शटर वाजलं. तो फोटो माझ्याकडं आहे. काळाकुट्ट, एका कडेला माझ्या बोटांचा तांबडा उजेड. मी, जी अंगारा मानत नाही, मांजर आडवं गेलं तर मांजराला हाय म्हणते, मला माय मधे नको होती. अंधश्रद्धा म्हणा, येडेपणा म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा. मला ती मधे नको होती.

आता कुणाला तरी बोलवायचं म्हणून मी गेटकडं वळले, तर बाबा आधीच तिथं पोचले होते. नवा पांढरा शर्ट, पायात चप्पल नाही. मुमताज खालांकडं गॅस द्यायला निघालेल्या माणसाचा त्यांनी दंड धरला होता आणि त्याला आत ओढत होते. "अहो, या हो. दोन मिनिटं. या," एवढंच म्हणत होते, पुन्हापुन्हा. तो माणूस गोंधळून गेला. खांद्यावरचं सिलिंडर खाली ठेवू का, विचारायला लागला. ठेवा, नका ठेवू, पण या, बाबा म्हणाले.

तो आला. सिलिंडर पायाशी ठेवलं, रुमालानं तोंड पुसलं, बाबांच्या शेजारी उभा राहिला. मायला हे काही पटेना. एवढं मन घट्ट करून उभी राहिली होती आणि आम्ही दोघांनी तिची जागाच काढून घेतली. तिनं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, बोटानं माणसं मोजली.

"मग मधी कोण झालं आता?" तिनं विचारलं.

बाबा तिच्याकडं वळले. ते म्हणाले, "कुणीच न्हाई. चौघांत मधलं कुणी नसतंय."

मी परत टायमर लावला. फोटो झकास आलाय. ऊन बरोबर पडलंय, बाबांचे डोळे ओले आहेत, माय रागावलेली दिसते, आणि गॅसवाले दादा ताठ उभे, जणू त्यांचीच लेक परदेशाहून आलीय. तुझं घर कुठं, असं मला इथं लोक अजून विचारतात. पूर्वी मी नकाशा काढून जळकोट दाखवायचे. आता मला नीट सांगता येतं. जिथं माझ्या जागी एक बाई मधे उभी राहिली, आणि तिला तिथं उभं राहू द्यायला आम्ही दोघं तयार झालो नाही, ते माझं घर. तिघांचा फोटो माझ्याकडं अजून नाही. मला तो आता काढायचाही नाही.