डॉटचा निळ्या फुलांचा गाऊन

लायल हॅनिगननं पन्नास वर्षं मेंढ्या कातरल्या. कातरताना मेंढीला जखम झाली की वर डांबर थापायचं आणि पुढची ओढायची, एवढंच त्याचं वैद्यक. गेल्या महिन्यात बरगडीखाली नागीण उठली, तर या शहाण्यानं पुटकुळ्यांवर मेंढ्यांचंच औषध चोपडलं. मी शेजारी, पण मला उशिरा कळलं. तोवर आग इतकी की गडी चौकट धरून उभा, आणि वर मलाच म्हणतो, काही नाही रे, होईल बरं.

नर्स ब्रॉन्विननं त्याला चांगलं फैलावर घेतलं. गोळ्या घ्यायच्या, गार ओलं फडकं ठेवायचं, पुटकुळ्या फोडायच्या नाहीत, आणि ती लोकरीची बनियन आधी काढायची. अंगात सैल सुती कपडा हवा. त्याच्या घरात तसा एकच होता, त्याच्या वारलेल्या बायकोचा, डॉटचा, निळ्या फुलांचा गाऊन.

त्यानं तो घातला, पणतीसाठी. नात टेगन दोन महिन्यांची पोर घेऊन पर्थहून येणार होती, रविवारी, काही तासांपुरती. शेवटच्या पुटकुळीनं खपली धरेपर्यंत तान्ह्या जिवाला हात लावायचा नाही, असं ब्रॉन्विननं बजावलं होतं. म्हातारा पडदे ओढून गाऊनमध्ये बसून राहिला. मी चहा घेऊन गेलो तरी दाराआडून विचारायचा, "एकटाच आहेस ना?" शनिवारी सगळ्या खपल्या धरल्या.

रविवारी पहाटे त्याला पुरुषार्थ आठवला. नातीसमोर फुलाफुलांत कसं जायचं? बनियन चढवली, आणि भरीस भर म्हणून लाकडंही फोडली. टेगन आल्यावर, खपल्या बघायला आलेल्या ब्रॉन्विननं बनियन वर केली, तर चार खपल्या लोकरीला चिकटून आल्या. खाली सगळं ओलं, लालभडक. आज बाळाला हात नाही, म्हणत तिनं त्याला व्हरांड्यात बसवलं.

जाळीच्या दाराआड टेगन, तिच्या खांद्यावर बाळ. "आजोबा, आजच बनियन घालायची होती का हो?"

तो उठून मागच्या दारानं आत गेला. मला वाटलं, रुसला. पाच मिनिटांनी आला तो डॉटचा गाऊन घालून. भर दुपारी, समोरच्या पबातले सगळे बघत असताना, जाळीला खुर्ची लावून बसला.

"आता सुकेल," तो म्हणाला. "मंगळवारपर्यंत थांबशील का गं?"

टेगननं गाडीची किल्ली हातातच धरली होती.