गोणीतली तोंडं

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन मी सुरतेत, लिंबायतला आले, तेव्हा सासूबाई भिंतीला पाठ टेकून बसूनच झोपायच्या. आडवं झालं की दम लागायचा. धूळ टाळा, एवढं डॉक्टर सांगायचे. आमच्या खोलीखालीच लूमचं खातं, म्हणजे मागांचा कारखाना. धूळ टाळायची तर गावच सोडायला हवं होतं.

एका रविवारी हे जुन्या बाजारातून व्हॅक्युम क्लीनर घेऊन आले. सोबत नळीला लावायची गोणीभर तोंडं: चपटी, गोल, केसाळ, एकाला तर काचेची बाटली. भंगारवाल्याने दोन-तीन यंत्रांची एकत्र कोंबली असावीत. कुठलं कशाला, कुणाला ठाऊक! मी चिडले. घरात पाय ठेवायला जागा नाही आणि यांनी हे धूड आणलंय.

सासूबाईंनी नेमकी बाटली उचलली. "हाई दवानी बाटली शे," त्या म्हणाल्या. यंत्र दम्यासाठी आणलेलं, त्यात बाटली, म्हणजे औषधाचीच. आम्हालाही पटलं. बाटलीत पाणी आणि निलगिरीचं तेल ओतलं, नळी मागच्या वारा सोडणाऱ्या भोकाला लावली आणि बटण दाबलं. भिंतीवरच्या देवांपासून पिठाच्या डब्यापर्यंत सगळं न्हाऊन निघालं. सासूबाई खोकून बेजार. वासाने शेजारची गुजराती मासी धावत आली. तिचा नवरा रंगकाम करायचा. "अरे, आ तो रंग छांटवानी शीशी छे!" म्हणजे रंग फवारायची बाटली! ती दारातच हसत बसली.

मग तिनेच गोणी उपडी केली. एकेक तोंड नळीला लावायचं आणि तळहातावर ओढ बघायची. केसाळ गोल होतं ते देवांच्या तसबिरींना, निमुळतं कपाटामागच्या फटीला. रुंद, चपटं, बिनकेसांचं एक तळहाताला असं चिकटलं की सुटेना. "आ गादला माटे," मासी म्हणाली.

गादी मी दर आठवड्याला उन्हात बडवायचे, त्यामुळे जरा झोंबलंच. पण ते तोंड गादीवरून फिरवून यंत्राची पिशवी गल्लीत झटकली, तर धुळीचा राखाडी ढीग पडला. त्या दिवसापासून रोज सकाळी गादीवरून ते तोंड फिरवायचं काम माझं. मासीचे, आणि भर उन्हात ते ओझं खांद्यावर आणणाऱ्या माझ्या नवऱ्याचे उपकार मी आजही मानते.

कारण काही दिवसांनी, दुपारी नळावरून हंडा घेऊन आले, तर सासूबाई गादीवर सरळ आडव्या, हात पोटावर, डोळे मिटलेले. त्यांना असं मी कधी पाहिलंच नव्हतं. हंडा तिथेच टाकून धावले आणि त्यांच्या नाकाखाली बोटं धरली.

त्यांनी एक डोळा उघडला. "काय व, माले निजू दे ना!"

बोलणी खाऊन इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नाही.